मत्स्यबीज संचयन

तळी, तलाव व जलाशयांत ठरावीक आकाराचे मत्स्यबीज ठरावीक संख्येने सोडण्याची पद्धत. महाराष्ट्रात कटला, रोहू, मृगळ हे भारतीय आणि सायप्रिनस, चंदेऱ्या, गवत्या हे परदेशी कार्प (गोड्या पाण्यातील रोहूच्या कुळातील) मासे यासाठी वापरतात. अंड्यातून नुकतेच निघालेले ते मत्स्यजिरे, सुमारे २५ मिमी. वाढले की मत्स्यबीज आणि ८० ते १०० मिमी. झाले की बोटुकली.

कटल्याचे मूळ क्षेत्र वादग्रस्त आहे. एकोणिसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी त्याचा प्रसार दक्षिणेस कृष्णेपर्यंत दिला. इतर अभ्यासक तो उत्तरेकडील मोठ्या नद्यांपुरता मानतात. दख्खनच्या वरच्या पात्रांत तो संचयनातूनच आला असावा, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. तेथे बीज इतकी वर्षे सोडले जात आहे, की आज जाळ्यात मिळणारा मासा कोणत्याच बाजूचा पुरावा ठरत नाही.

पूर्वी बीज नदीच्या पुरातून, विशेषतः बंगालमधून, गोळा होई. त्यात शिकारी माशांची पिलेही येत. माशांना अंडी घालण्यास प्रवृत्त करण्यासाठी मृगळावर सस्तन प्राण्यांच्या पीयूषिका ग्रंथीचा (मेंदूच्या तळाशी असलेली संप्रेरक ग्रंथी) अर्क वापरून १९३०च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ हमीद खान यांनी प्रयोग केले होते. परंतु व्यवहारात उतरलेल्या अशा प्रेरित प्रजननाचा आरंभ सामान्यतः मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांच्या ओडिशातील अंगुळ येथील १० जुलै १९५७च्या यशापासून धरतात. त्यांनी माशाच्याच ग्रंथीचा अर्क टोचला होता.

संचयनाचे यश बीज सोडण्याआधीच बरेचसे ठरते. आटवता न येणाऱ्या तळ्यात पाण्याच्या सरासरी १ मीटर खोलीस हेक्टरी सुमारे २,५०० किग्रॅ. मोहाची पेंड टाकून मरळ, शिंगाळा यांसारखे शिकारी मासे काढतात. पेंडीतील सॅपोनिन या द्रव्याचा विषारी परिणाम दोन ते तीन आठवडे टिकतो. पुढे तीच खत बनते. ही मुदत न पाळता बीज सोडल्यास तेही मरते. संगोपन तळ्यात (मत्स्यजिरे वाढवण्याचे लहान तळे) मत्स्यजिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी हेक्टरी ५६ किग्रॅ. तेल व १८ किग्रॅ. साबण यांचे मिश्रण फवारतात. पृष्ठभागावर हवा घ्यायला येणारे पाणकिडे तवंगामुळे गुदमरतात. वारा असल्यास तवंग एका काठाला लोटला जातो आणि किडे वाचतात.

संवर्धन तळ्यात (मासे मोठे करण्याचे तळे) हेक्टरी ५,००० बोटुकली हे प्रचलित प्रमाण आहे. तीन जाती एकत्र सोडताना दर दहांत कटला ४, रोहू ३, मृगळ ३. कटला वरच्या, रोहू मधल्या व मृगळ तळाच्या थरात चरतो. चंदेऱ्याही वरच्याच थरात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खातो, म्हणून तो वाढवल्यास कटला खुरटतो. सायप्रिनस तळाशी चिखल उकरतो, त्यामुळे बांध पोखरले जातात.

वाहतुकीपूर्वी बीज सुमारे एक दिवस उपाशी ठेवतात, नाहीतर पिशवीतील विष्ठेमुळे अमोनिया वाढतो. पिशवीत एक तृतीयांश पाणी व उरलेला प्राणवायू असतो. तळ्यावर बंद पिशवी १५ ते ३० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवतात, मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळतात आणि बीज आपणहून बाहेर जाऊ देतात. हे काम सकाळी वा संध्याकाळी करावे. भर दुपारी पिशवी थेट ओतली, तर तापमानातील फरकानेच मर होते.

मोठ्या जलाशयात शिकारी मासे काढणे अशक्य असल्याने १०० मिमी.हून लहान बीज बहुधा वाया जाते. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी (मामा) म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या तलावांत ढीवर समाजाच्या सहकारी संस्था संचयन करतात. तेथील स्थानिक माशांच्या घटीचा संबंध कार्प संचयनाशी जोडला जातो. पाणवनस्पतींचा ऱ्हास हेही त्यामागील कारण असावे.