पाणी पोळीत हवं, पोळीवर नको

आमच्या खानदेशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी ओट्यावर मांड्यांची (हातावर पसरवलेल्या पुरणपोळ्यांची) कणीक मळणाऱ्या बाया मी लहानपणापासून बघत आले आहे. गहू ओलवून दळलेले, पीठ वस्त्रगाळ केलेलं, कणीक इतकी सैल की परातीत पसरते. ती आपटून आपटून मळायची, तेल-पाण्याचा हात लावून पुन्हा मळायची. मग पुरण भरलेला उंडा हातांवर घेऊन, फिरवत फिरवत थेट कोपरापर्यंत पसरवायचा आणि उपड्या खापरावर टाकायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. पोटात एवढं पुरण घेऊनही तो मांडा फाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात दुपारच्या जेवणाला मी सलाड भरलेला टॉर्टियाचा, म्हणजे मेक्सिकन पातळ पोळीचा, रोल घरी आपल्याच कणकेचा करायला घेतला. पहिले दोन रोल गुंडाळतानाच मधोमध चिरले आणि कोबी-गाजर ताटात आलं. तिसरा नीट झाला, पण तासाभराने उघडला तर खालची बाजू भिजून लिबलिबीत झालेली. दोन्ही बिघाडांचं मूळ एकच होतं, पाणी. पहिल्या दोन रोलांत पोळीला ते कमी पडलं होतं, तिसऱ्यात भाजीतून नको तेवढं सुटलं होतं.

आधी पोळीचं बघू. गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं असतात. कोरड्या पिठात ती निपचित असतात. पाणी मिळालं आणि मळणं झालं की एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं जाळं तयार होतं. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती ताण धरून ठेवते. मांडा कोपरापर्यंत उतरतो तो या जाळ्याच्या जोरावर. पाणी कमी असेल तर जाळं अर्धवट राहतं. शिवाय आपल्या गिरणीच्या पिठात कोंडा असतो. तो सावकाश पाणी पितो आणि त्याच्या टोकदार कडा जाळं कापत राहतात. म्हणून कणीक मळल्यावर अर्धा तास झाकून ठेवणं रोलसाठी फार महत्त्वाचं. तेवढ्या वेळात कोंडा मऊ पडतो आणि ताणलेलं जाळं सैलावतं. माझ्याकडे २५० ग्रॅम पिठाला साधारण १६० ते १७० मिलिलिटर पाणी लागतं. गव्हाप्रमाणे थोडं इकडे-तिकडे होतं, पण रोजच्या पोळीपेक्षा कणीक जराशी सैलच हवी.

टॉर्टिया मूळचा मेक्सिकोचा, आणि तिथला जुना टॉर्टिया मक्याचा. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात गहू नेला, त्यानंतर उत्तर मेक्सिकोत गव्हाचा टॉर्टिया रुजला. मोठा, पातळ, पोटभर सारण गुंडाळता येईल असा टॉर्टिया हा गव्हाचाच. त्यामुळे आपली पोळी वापरली तर काही चुकतंय असं वाटायचं कारण नाही. मक्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. मक्यात ग्लुटेन नाही. तरी तिथल्या बायकांनी हजारो वर्षांपूर्वी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर तसाच ठेवून वाटायची रीत बसवली. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, पेशींच्या भिंतींतले डिंकासारखे घटक मोकळे होतात आणि पीठ धरून राहतं. त्याच चुन्यामुळे मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत सोबत गेली नाही. पुढे स्पेन-इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग जडला. एका स्वयंपाकाच्या रीतीत केवढं शहाणपण होतं, हे ती रीत मागे राहिल्यावर कळलं.

नंदुरबारकडे सातपुड्यात मक्याची भाकरी रोजची. आपल्याकडे दादरची (रब्बी ज्वारीची), बाजरीची, कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची). यांतल्या कशातही ग्लुटेन नाही, म्हणून गरम पाण्याने पीठ मळायचं. गरम पाण्याने पिठातला थोडा स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच भाकरीला धरून ठेवतो. कळण्यात उडदाचा चिकटपणाही मदतीला येतो. तरी ती गुंडाळायला जाल तर मोडणार. कळण्याच्या भाकरीवर तेल आणि ठेचा घ्या, सलाड शेजारी घ्या. तिचं सुख तेच आहे.

ती का मोडते याचं गणित सोपं आहे. कोणतीही चकती वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते. हा ताण म्हणजे जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. पोळी २ मिलिमीटर जाड आणि रोलची त्रिज्या २५ मिलिमीटर असेल तर बाहेरची बाजू ४ टक्के ताणली जाते. ५ मिलिमीटर जाडीच्या भाकरीला तिथेच १० टक्के ताण सोसावा लागतो. आणि रोलची टोकं आत दुमडताना त्रिज्या ४ मिलिमीटरपर्यंत आली, तर पातळ पोळीलाही २५ टक्के. चीर नेहमी दुमडीच्या जागी पडते ती यामुळे. इथे आपली घडीची पोळी कामाला येते. तेल लावून त्रिकोणी घडी घातलेल्या पोळीत पापुद्रे असतात. वाकवताना ते एकमेकांवरून थोडे सरकतात, त्यामुळे प्रत्येक पापुद्रा स्वतंत्रपणे वाकतो. जाडी भागली गेली की ताणही भागला जातो. वहीचा पुठ्ठा आणि तेवढ्याच जाडीची कोरी पानं एकदा वाकवून बघा, म्हणजे हाताला फरक कळेल.

सकाळची पोळी दुपारी कडक होते ती वाळल्यामुळे, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. झाँ-बातिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवलं की पाण्याचा अंश बाहेर जाऊ न देता ठेवलेला पावही शिळा होतो, आणि ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. पाणी आतच असतं. भाजताना फुगलेले स्टार्चचे रेणू थंड होताना पुन्हा ओळीने बसायला लागतात आणि रचना ताठ होते. हे सगळ्यात वेगाने घडतं फ्रिजच्या तापमानाला. त्यामुळे पोळ्या फ्रिजमध्ये ठेवून सकाळी तशाच गुंडाळू नयेत. तव्यावर दोन्ही बाजूंनी १५-२० सेकंद शेकून, सुती फडक्यात मिनिटभर ठेवून मग गुंडाळाव्यात. फडकं सुतीच हवं, म्हणजे वाफ ते पितं. बंद डब्यात गरम पोळी ठेवली तर तीच वाफ झाकणावर थंड होऊन खाली टपकते.

आता भाजीतल्या पाण्याकडे. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी, टोमॅटोत जवळपास तेवढंच, कोबीत ९२. हे पाणी पेशींच्या आत दाबाने भरलेलं असतं. त्या दाबामुळेच कोबी कुरकुरीत लागते. वरून मीठ पडलं की बाहेरचं द्रावण दाट होतं आणि पाणी पेशीच्या पडद्यातून बाहेर येतं. कोशिंबिरीला पाणी सुटतं ते याच कारणाने. रोलमध्ये ते पोळीवर सुटतं. यावर मी तीन गोष्टी करते. कोबी आणि गाजराला आधीच मीठ लावून २० मिनिटं ठेवते, पिळून घेते. काकडी-टोमॅटोला मीठ अगदी गुंडाळायच्या वेळी. टोमॅटोचा बियांभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकते. पण तो फेकू नका. टोमॅटोतलं ग्लुटामेट, म्हणजे त्याची खरी रुची, त्या गरात जास्त असते. माझ्याकडे तो वरणात जातो. कोबीचं पिळलेलं पाणी खारट असतं, ते कणकेत घालून मीठ तेवढं कमी करते.

भाजी आणि पोळी यांच्यामध्ये तेलाचा थर असला तर पाणी सहज आत शिरत नाही. बाहेरच्या रोलमध्ये त्यासाठी मेयोनीज असतं. आपल्याकडे शेंगदाण्याचा ठेचा आहे. हिरवी मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे आणि वर तेल, असा वाटून कडेपर्यंत पसरवायचा. हिवाळ्यात भरीतही चालतं, आणि मला तेच जास्त आवडतं. आपली भरिताची वांगी मोठी, फिकट हिरवी, बी कमी. २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कपाशीच्या काड्यांवर भाजली की आतल्या पेशी कोसळतात आणि पाणी सुटतं. ते चाळणीवर निथळू द्यायचं, मग ठेचायचं. तेलात परतलेलं भरीत पोळीला धरून बसतं आणि भाजी घसरत नाही.

नुसत्या पाल्यावर चार वाजेपर्यंत निभत नाही. रोल पोटभर व्हायचा तर कडधान्य हवं. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते हरभऱ्यात भरपूर, आणि हरभऱ्यात मेथिओनिन कमी, ते गव्हात मिळतं. मी मूठभर उकडलेले हरभरे किंवा वाफवलेली मटकी घालते. वाफवलेलीच, कारण मोडांना लागणारी ओल आणि ऊब जंतूंनाही आवडते. वरून लिंबू पिळते, कारण त्यातलं क जीवनसत्त्व हरभऱ्यातलं लोह शोषायला मदत करतं. ठेच्यातल्या तेलामुळे गाजरातलं कॅरोटिनही अंगी लागतं.

हे सगळं हिवाळ्याचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा हिशोबच बदलतो. जंतू ५ ते ६० अंशांमध्ये वाढतात, आणि हवा ३२ अंशांच्या वर असली की कापलेली भाजी, उकडलेलं कडधान्य किंवा दही तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. उन्हाळ्यात मुलीच्या डब्यात मी भरलेला रोल देतच नाही. पोळी, ठेचा आणि एक अख्खी काकडी देते. काकडीची साल शाबूत असेपर्यंत तिचं पाणी तिच्याच पोटात राहतं. घरी जेवणारे आम्ही मात्र बाराला भाजी चिरतो, साडेबाराला गुंडाळतो आणि रोल तिरपा कापून लगेच खायला बसतो.