‘इंडियन’ पाटीमागचे सिल्हेटी आणि आपली चटणी

उन्हाळ्यात सांगली-साताऱ्याकडे मिरची डंकावर जाते. घरातलं कुणी परदेशी निघायचं असेल तर त्याच्या वाट्याची चटणी वेगळी काढून ठेवतात. (चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, आमच्याकडे त्यालाच चटणी म्हणतात.) यंदा आमच्या गल्लीतला एक मुलगा शिकायला इंग्लंडात लेस्टरला निघालाय. त्याच्या आईला शेजारणीनं विचारलं, "अहो वहिनी, तिकडं इंडियन हॉटेलं ढिगानं आहेत म्हणे, मग एवढं तिखट कशाला?" हॉटेलं ढिगानं आहेत हे खरं. पण ती कुणी काढली आणि कुणासाठी, हे बघितलं की वहिनींची चटणी वाया जाणार नाही हे कळतं.

लंडनमध्ये आपल्याकडच्या माणसानं काढलेलं पहिलं हॉटेल 1810 सालचं. शेख दीन महंमद हा 1759 मध्ये पाटण्यात जन्मलेला, कंपनीच्या बंगाल फौजेतला माणूस. त्यानं पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ थाटलं. करी, हुक्का, वेताच्या खुर्च्या असा सगळा बेत. गिऱ्हाईक कोण, तर हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेले साहेब. एकदोन वर्षांत, 1812 मध्ये, त्याचं दिवाळं निघालं. मग तो ब्रायटनला गेला, तिथं वाफेची स्नानं आणि चंपी सुरू केली, आणि थेट राजेसाहेबांचा चंपीवाला झाला. जेवण बुडालं, मालिश तरली.

ब्रायटनवरून आठवलं. पहिल्या महायुद्धात तिथल्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं आणि धर्म-जात सांभाळायला नऊ वेगळी स्वयंपाकघरं होती. आपल्या मराठा पलटणींच्या नशिबी मात्र मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आला. 1916 मध्ये तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात रसद संपली तेव्हा शिपायांपुढं घोड्याचं मांस आलं आणि कितीतरी जणांनी ते बराच काळ नाकारलं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे 46 जवान त्या महायुद्धात कामी आले. परदेशच्या जेवणाची पहिली आठवण आमच्या मुलखात ही अशी आहे.

लंडनच्या रीजेंट स्ट्रीटवरचं ‘वीरास्वामी’ 1926 चं. ते पुढं कित्येक दशकं चाललं, पण तेही एडवर्ड पामर नावाच्या साहेबानं साहेबांसाठी काढलेलं. पुढच्याच वर्षी टोकियोत ‘नाकामुराया’ या दुकानात हिंदी पद्धतीची करी मिळू लागली. ती शिकवली इंग्रजांना चुकवून जपानात राहिलेल्या क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी. नाकामुरायाच्या मालकांनी त्यांना लपवलं होतं आणि पुढं जावईही करून घेतलं.

पण आज ज्याला आपण परदेशातलं इंडियन हॉटेल म्हणतो ते यातल्या कुणाचंच नव्हे. ते सिल्हेटच्या खलाशांचं. आगबोटींच्या पोटात भट्टीत कोळसा लोटायचं आणि भटारखान्यात राबायचं काम या पूर्व बंगालच्या पोरांकडं असे. लंडनच्या गोदीत बोट लागली की काही जण पळ काढत आणि हॉटेलांत भांडी घासायला लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर बाँबनं पडझड झालेली खानावळीची, मासे-बटाट्याची दुकानं स्वस्तात मिळाली. ती यांनी घेतली. पुढं मासे-बटाटे चालूच, बाजूला करी-भात. पब बंद झाल्यावर भुकेजलेला गोरा आत यायचा आणि तोच खरा गिऱ्हाईक. सिल्हेट आधी हिंदुस्थानात होतं, 1947 नंतर पाकिस्तानात गेलं, 1971 नंतर बांगलादेशात. पाटीवरचं ‘इंडियन’ मात्र कुणी खोडलं नाही.

त्या गिऱ्हाइकाला घाई असायची आणि भटारी मोजके, म्हणून मुदपाकखान्याची एक रीतच ठरून गेली. सकाळी भलंमोठं पातेलं चढवायचं, कांदा शिजवून वाटायचा, त्याचा फिकट रस्सा तयार ठेवायचा. रात्री त्यातूनच डावभर घेऊन कढईत परतलं, मलई घातली की कोर्मा, तिखट घातलं की मद्रास, आणखी घातलं की विंदालू. विंदालू मूळ गोव्याचं, पोर्तुगीजांच्या ‘विन्या दाल्यूश’मधून आलेलं, व्हिनेगर आणि लसणाचं. नावात ‘आलू’ ऐकू आला म्हणून तिकडं त्यात बटाटे पडायला लागले! चेन्नईच्या माणसाला मद्रास करी ओळखू येणार नाही. पण त्यावर आपण हसू नये. मुंबई-पुण्याच्या मेनूकार्डावरचं लालभडक ‘व्हेज कोल्हापुरी’ कोल्हापूर-सांगलीत कुणाच्या घरी होतं?

मुलीकडं गेलो असताना मीही अशा एका ठिकाणी कांदाभजी मागवली. लिंबाएवढे दोन गोळे आले, बाहेर करपलेले, आत कच्चं पीठ. खेकडाभजीच्या आशेनं बसलेल्या माणसाला हे कसं सांगावं? वाढणाऱ्या पोराला गाव विचारलं. म्हणाला, सिल्हेट. म्हटलं, बरोबर आहे, चूक माझीच.

तंदूर नंतर आला. फाळणीत पेशावरहून दिल्लीला आलेल्यांनी दर्यागंजच्या ‘मोतीमहल’मध्ये तो लोकप्रिय केला आणि साठच्या दशकात तो लंडनला पोचला. 2001 मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचं भाषणात सांगून टाकलं, तिथं विषय संपला.

या सगळ्यात आपण कुठं होतो? आपली माणसं घर सोडून गेली नाहीत असं नव्हे. साताऱ्याचा गडी मुंबईला गिरणीत गेला, पण त्यानं हॉटेल काढलं नाही. तो खानावळीत जेवला. चाळीच्या खोलीत एखादी मावशी वीस-पंचवीस जणांच्या भाकऱ्या थापायची, हिशेब महिन्याचा. अशा बायकांना सावकारापासून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला पार केरळपर्यंत पांगले, पण त्यांचीही चूल स्वतःची आणि चटणी गावाकडची. पाटी लावून चार परक्यांना जेवू घालायचा धंदा आपण उडुप्यांवर आणि इराण्यांवर सोडला.

समुद्रापार गेलो तेही डिग्री घेऊन. सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज 1947 चं, कराडचं सरकारी कॉलेज 1960 चं. अमेरिकेनं 1965 मध्ये कायदा बदलून दार उघडलं तेव्हा आपल्याकडं इंजिनिअर तयार होते, आचारी नव्हते. त्यामुळं परदेशात मराठी जेवण टिकलं ते मंडळांच्या पंगतीत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चं. गणपतीला मसालेभात, संक्रांतीला गुळपोळी, एरवी ज्याचं त्यानं बघावं.

हल्ली थोडं बदलतंय. मंदीत नोकरी गेल्यावर मुंबईच्या दोन मित्रांनी 2010 मध्ये लंडनच्या हाउन्स्लोत वडापाव विकायला सुरुवात केली आणि तो चालला. पण वडापाव मुंबईचा. सांगलीचा तांबडा रस्सा अजून बॅगेतूनच जातो. वहिनींनी चटणी तीन पिशव्यांत बांधली, वरून चिकटपट्टी, वरून जुना टॉवेल. वजनकाट्यावर बॅग साडेचोवीस किलो भरली, परवानगी तेवीसची. पुस्तकं काढली.