आभासी कण: सुराबाहेर थरथरणारं क्षेत्र

मिरजेत सतार घडते तेव्हा वाजवायच्या तारांखाली तरफेच्या अकरा ते तेरा तारा चढवतात. वरच्या तारेवर पंचम वाजला की पंचमात लावलेली तरफ न छेडताच बोलू लागते आणि वरचा सूर थांबल्यावरही थोडा वेळ गुंजत राहते. मध्यमात लावलेली तार मात्र जवळजवळ गप्प असते. जवळजवळच, कारण वरचा सूर तिलाही किंचित हलवतो. फक्त ही हालचाल तिची स्वतःची नसते, आणि वरचा सूर थांबला की तीही थांबते. हा फरक ध्यानात ठेवला तर आभासी कणांबद्दलचा बराचसा गोंधळ सुटतो.

आजच्या भौतिकशास्त्रात मूळ वस्तू कण नसून क्षेत्र आहे. इलेक्ट्रॉनचं एकच क्षेत्र साऱ्या विश्वात पसरलेलं आहे आणि त्या क्षेत्राचं स्वतःच्या सुरातलं कंपन म्हणजे इलेक्ट्रॉन. सांगलीतला इलेक्ट्रॉन आणि दूरच्या ताऱ्यातला इलेक्ट्रॉन तंतोतंत सारखे असतात ते यामुळेच. तार हवी तितकी हलकेच छेडता येते, क्षेत्राला मात्र अशी मोकळीक नाही. ते आपल्या सुरात पूर्ण मात्रांनीच कंप पावतं: एक मात्रा म्हणजे एक कण, दोन मात्रा म्हणजे दोन. आणि क्षेत्राचा सूर म्हणजे ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान यांच्यातलं आइन्स्टाइनचं ठरलेलं नातं. फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, वस्तुमान नाही, म्हणून त्याची ऊर्जा नेहमी संवेग गुणिले प्रकाशवेग इतकीच असते.

आता दोन इलेक्ट्रॉन समान वेगाने समोरासमोर येऊन एकमेकांना ढकलून देतात असं समजा. दोघांची दिशा बदलते, पण प्रत्येकाची ऊर्जा होती तेवढीच राहते. म्हणजे मधल्या विद्युतचुंबकीय क्षेत्राने संवेग पोचवला आणि ऊर्जा शून्य पोचवली. खऱ्या फोटॉनला हे कधीच जमणार नाही. क्षेत्राच्या या बेसूर थरथरीला गणितात ‘आभासी फोटॉन’ म्हणतात.

आभासी कण निसर्गाकडून ऊर्जा उसनी घेतात आणि पकडलं जाण्याआधी परत करतात, असं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. कणांमधली देवघेव रेघांनी दाखवणाऱ्या फाइनमन आकृतीतल्या प्रत्येक सांध्यावर ऊर्जा आणि संवेग यांचा हिशोब काटेकोर जुळतो. मोडतं ते ऊर्जा-संवेग-वस्तुमान यांचं नातं. त्या नात्याबाहेरच्या थरथरीला कण म्हणणंच मुळात ओढूनताणून आहे.

ही थरथर किती क्षीण असू शकते, ते न्यूट्रॉनच्या ऱ्हासात, म्हणजे तो मोडून प्रोटॉन होताना, दिसतं. न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या वस्तुमानातला फरक सुमारे १.३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (म्हणजे १३ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट; कणांची ऊर्जा आणि वस्तुमान याच एककात मोजतात). तेवढ्या ऊर्जेने डब्ल्यू क्षेत्र, म्हणजे हा ऱ्हास घडवणारं क्षेत्र, हलवायचं, आणि त्या क्षेत्राचा स्वतःचा सूर लागतो सुमारे ८०,४०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टला. इतक्या दुरून दिलेल्या हेलकाव्याला प्रतिसाद नाममात्रच मिळणार. सुटा न्यूट्रॉन सरासरी सुमारे १५ मिनिटं टिकतो, त्याचं हे एक मोठं कारण. १९८३ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या प्रयोगांत पुरेशी ऊर्जा हाताशी होती, तेव्हा तेच क्षेत्र सुरात बोललं आणि खरा डब्ल्यू कण सापडला.

डब्ल्यूच्याच जातीच्या झेड कणाच्या बाबतीत तर सूर लावतानाच पाहता आलं. १९८९ पासून सर्नच्या लेप यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) यांच्या टकरीची ऊर्जा थोडी थोडी बदलत नेली. ९१.२ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी घटनांची संख्या एकदम चढली आणि पुढे उतरली. हा आलेख म्हणजे शुद्ध अनुनाद, सूर जुळताच मिळणारा जोरदार प्रतिसाद. त्या शिखराची रुंदी सुमारे अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, त्यामुळे आभासी झेड कुठे संपला आणि खरा कुठे सुरू झाला अशी रेघ तिथे मारता येत नाही.

बलाचा पल्लाही यातूनच ठरतो. आपल्या सुराच्या खाली हलवलेलं क्षेत्र उगमापासून दूर जाताना झपाट्याने विरतं, आणि वस्तुमान जितकं जास्त तितकं लवकर. हिदेकी युकावा यांनी १९३५ मध्ये हाच हिशोब उलटा मांडला आणि अणुकेंद्रातल्या बलाच्या पल्ल्यावरून अजून न दिसलेल्या कणाचं वस्तुमान वर्तवलं. तो कण, म्हणजे पायॉन, १९४७ मध्ये वैश्विक किरणांत सापडला.

मग आभासी कणांची भाषा का टिकली? कारण ती हिशोबाला फार सोयीची आहे. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वातली पहिली दुरुस्ती, सुमारे ०.००११६, ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये एका आभासी फोटॉनच्या पदावरून काढली. पाचव्या पायरीला अशा १२,६७२ आकृत्या लागतात, आणि गणित व प्रयोग यांचं उत्तर दशांशचिन्हापुढे अकरा स्थळांपर्यंत जुळतं. इथे ही रीत चालते, कारण प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा कितीतरी लहान असते.

प्रोटॉनच्या आत ती कोलमडते. तिथलं बल इतकं तीव्र आहे की पुढची पदं लहान होतच नाहीत. म्हणून अवकाश-काळाची बारीक जाळी मांडून महासंगणकावर क्षेत्रांचंच थेट गणित करतात. २००८ मध्ये या रीतीने काढलेलं प्रोटॉनचं वस्तुमान मोजलेल्या मूल्याशी काही टक्क्यांच्या आत जुळलं, तेही आभासी कणांची एकेक आकृती मांडून बेरीज न करता.