अपील की रिट? नियामकाच्या आदेशाविरुद्ध दाद मागताना होणारी गल्लत

घोडबंदर रोडवरच्या प्रकल्पात ताबा रखडला, खरेदीदाराने महारेराकडे (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) तक्रार केली आणि आदेश विरुद्ध गेला, की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "हायकोर्टात रिट टाकू." बहुतेक प्रकरणांत हा सल्ला चुकीचा असतो. त्यात गेलेले दोन-तीन महिने पुढे फार महागात पडतात.

अपिलात वरचा मंच खालच्या अधिकाऱ्याचंच काम पुन्हा करतो. कागद नव्याने वाचतो, व्याज नव्याने मोजतो आणि पटलं तर निकाल बदलून स्वतःचा देतो. रिट याचिकेत, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध राज्यघटनेखाली थेट हायकोर्टात केलेल्या अर्जात, हायकोर्ट तसं करत नाही. नियामकाला कायद्याने तो अधिकार होता का, दोन्ही बाजू ऐकल्या का, कारणं दिली का, आणि कुणीही समंजस अधिकारी देणार नाही इतका निर्णय अतार्किक आहे का, एवढंच ते तपासतं. टाटा सेल्युलरच्या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं आहे: न्यायालय निर्णय घेण्याची पद्धत तपासतं, निर्णयावर अपील ऐकत नाही. म्हणजे "प्राधिकरणाचं चुकलं" हे न्यायमूर्तींना पटलं तरी तेवढ्यावर रिट मंजूर होईलच असं नाही.

एक उदाहरण घेऊ. करारनाम्यात ताब्याची तारीख डिसेंबर २०२२ आहे. बिल्डरने पुरवणी करार दाखवला आणि प्राधिकरणाने तारीख डिसेंबर २०२३ धरली. खरेदीदार म्हणतो, त्या करारावरची सही माझी नाही. हा वस्तुस्थितीचा वाद झाला. तो अपिलातच सुटेल. रिटमध्ये पुरावा प्रतिज्ञापत्रांवर चालतो आणि असे वाद कोर्ट सहसा हातात घेत नाही. आता समजा, सुनावणीची नोटीस खरेदीदाराला मिळालीच नाही आणि आदेश एकतर्फी झाला. हा नैसर्गिक न्यायाचा भंग, म्हणून रिटला जागा आहे. तरीही आमचं मत अपिलाच्याच बाजूने. रिट जिंकली तर प्रकरण बहुधा त्याच प्राधिकरणाकडे फेरसुनावणीला परत जातं. महारेराच्या आदेशावरचं अपील ऐकणारं अपिलीय न्यायाधिकरण मात्र पैसे परत करण्याचा आदेश स्वतः देऊ शकतं.

मुदतीचा हिशेब तारखेनिशी करा. रेरा कायद्याच्या (ज्याखाली महारेरा चालतं) कलम ४४ नुसार आदेशाची प्रत मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करायचं असतं. प्रत १० जूनला मिळाली तर ११ जून हा पहिला दिवस आणि ९ ऑगस्ट हा साठावा. ही मुदत आदेशावरच्या तारखेपासून मोजत नाहीत, म्हणून प्रत कधी मिळाली याचा पुरावा (ईमेल, पोच) जपून ठेवा. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो. न्यायाधिकरणाच्या निकालावर कलम ५८ खाली हायकोर्टात दुसरं अपील आहे. त्यालाही ६० दिवसच, पण तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो.

रिटला अशी छापील मुदत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. अपिलाची मुदत हुकली म्हणून रिट, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने ग्लॅक्सो स्मिथक्लाइनच्या २०२० च्या निकालात जवळपास बंद केली आहे. तुर्भे, पावणे, रबाळे पट्ट्यातल्या कारखानदारांनी हे विशेष लक्षात ठेवावं. प्रदूषण नियंत्रण मंडळाने जल कायद्याच्या कलम ३३अ खाली बंदचा आदेश दिला तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करावं लागतं. कारण पटलं तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही.

बिल्डर रिटकडे वळतात त्यामागे बहुतेकदा पैशाचं कारण असतं. रेरा कायद्याच्या कलम ४३(५) नुसार बिल्डरचं अपील ऐकलं जाण्याआधी त्याला खरेदीदाराला द्यायची सगळी रक्कम व्याज आणि भरपाईसह जमा करावी लागते; आदेश दंडाचा असेल तर दंडाच्या किमान ३० टक्के. खरेदीदाराला अशी अट नाही. ही अट वैध असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगितलं. त्यामुळे बिल्डरने रिट दाखल केली, तर समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला "अपिलाचा मार्ग खुला आहे" हा आक्षेप घ्यावा.

मग रिट कुठे लागते? नियामकाचा आदेश आणि नियामकाने केलेला विनियम यांतला फरक इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे. वीज नियामक आयोगाच्या आदेशावर वीज अपिलीय न्यायाधिकरणात ४५ दिवसांत अपील होतं. पण आयोगाने केलेला विनियमच कायद्याबाहेरचा आहे, असं म्हणायचं असेल तर ते न्यायाधिकरण ऐकूच शकत नाही. पीटीसी इंडिया प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१० मध्ये हे ठरवून टाकलं. विनियम हा सर्वांना लागू होणारा दुय्यम कायदा असतो. त्याची वैधता हायकोर्टात रिटनेच तपासायची. ट्रायने (दूरसंचार नियामक) कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, अशी भरपाई ठरवणारा विनियम २०१५ मध्ये केला होता. कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात रिटमध्ये हरल्या, पण मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी आणि कायद्याच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द केला. रेरा कायद्यालाच दिलेलं आव्हानही असंच मुंबई हायकोर्टात रिटने आलं होतं आणि डिसेंबर २०१७ मध्ये बहुतांशी फेटाळलं गेलं.

अपिलाची सोय असूनही रिट ऐकली जाईल असे चार प्रसंग व्हर्लपूलच्या १९९८ च्या निकालात आहेत: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसताना दिलेला आदेश, आणि कायद्याच्याच वैधतेला आव्हान. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खालचा हायकोर्टाचा हा अधिकार संसदही काढून घेऊ शकत नाही, हे १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने पक्कं केलं. तो वापरायचा की नाही, हे मात्र कोर्टाच्या विवेकावर असतं.

रिट करायचीच असेल तर मूळ आदेशातली कारणं ओळीने वाचा. मोहिंदर सिंग गिल प्रकरणापासून (१९७८) नियम असा आहे की आदेशात नसलेलं कारण अधिकाऱ्याला नंतर प्रतिज्ञापत्रात घालता येत नाही. "अर्ज विचारात घेऊन नामंजूर" एवढ्याच ओळीचा आदेश असेल तर तीच ओळ तुमचा मुख्य मुद्दा आहे. दुसरी जागा म्हणजे याचिकेतला "अन्य परिणामकारक उपाय उपलब्ध नाही" हा परिच्छेद. तो जुन्या मसुद्यातून जसाच्या तसा उचलला जातो आणि याचिका तिथेच अडकते. त्यात अपिलाचं कलम नावानिशी लिहा, आणि ते या प्रकरणात का पुरेसं नाही हे चारपैकी एका कारणाला धरून सांगा. ठाणे आणि रायगड दोन्ही जिल्ह्यांसाठी ही याचिका मुंबईच्या मुख्य पीठाकडेच दाखल होते.