वीरसन्मान, ग्रीक महाकाव्यातील

प्राचीन ग्रीक महाकाव्यांतील, विशेषतः होमरच्या नावावर असलेल्या इलियड व ओडिसी या काव्यांतील, वीरांचे आपसांतले आणि देवांशी असलेले संबंध ठरवणारी मूल्यव्यवस्था. तिच्यात तीन संज्ञा वारंवार येतात : तिमे (मान, दर्जा), गेरास (त्या मानाची खूण म्हणून मिळणारा खास हिस्सा, बहुधा लुटीतला) आणि क्लेओस (कवींनी गायिलेली कीर्ती). यातला मान चारचौघांना दिसतो, मोजता येतो आणि म्हणूनच हिरावूनही घेता येतो.

काळ : बहुतेक अभ्यासक इलियडची रचना इ. स. पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात मानतात. मार्टिन वेस्ट यांनी ती सातव्या शतकात आणली. ग्रेगरी नॅज यांच्या मते संहिता मौखिक परंपरेत हळूहळू घट्ट होत गेली व सहाव्या शतकाच्या सुमारास अथेन्समध्ये तिला बरेचसे स्थैर्य आले. इ. स. पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हीरोडोटस याने होमरला आपल्याआधी फार तर ४०० वर्षे ठेवले आहे. काव्यातला समाज नेमका कोणत्या काळचा, हा प्रश्न यातूनच निघतो. मोझेस फिन्ली यांनी १९५४ मध्ये इ. स. पू. दहाव्या-नवव्या शतकांकडे बोट दाखवले. रानडुकराच्या सुळ्यांचे मायसीनीकालीन (ग्रीसच्या कांस्ययुगातले) शिरस्त्राण आणि त्यानंतरच्या काळातला दहनविधी एकाच काव्यात शेजारी नांदतात, हे पाहता अनेक काळांची सरमिसळ मानणारे मत अधिक सुरक्षित वाटते.

स्वरूप : इलियडचा विषय युद्ध असला, तरी कथानक हलते ते वाटणीच्या भांडणाने. अपोलोच्या पुजाऱ्याची मुलगी परत करावी लागल्यामुळे ट्रॉयवर चालून आलेल्या ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन आपले गेरास गमावतो आणि भरपाई म्हणून ग्रीकांचा श्रेष्ठ योद्धा अकिलीझ याच्या वाट्याची बंदिवान स्त्री ब्रिसीइस ओढून नेतो. अकिलीझ तलवार उपसू लागतो, तोच मागून येऊन अथेना देवी त्याचे केस धरते. ती इतर कोणालाही दिसत नाही. तिचा युक्तिवादही हिशेबाचाच आहे : आज हात आवर, या अपमानापोटी पुढे तिप्पट भेटी मिळतील. अकिलीझ ऐकतो, पण लढाईतून अंग काढून घेतो.

नवव्या सर्गात ॲगमेम्नॉन दूतांकरवी अकिलीझला भरपाई देऊ करतो. सात तिपाया, दहा टॅलेंट (वजनाचे एक माप) सोने, वीस कढया, बारा शर्यतविजेते घोडे, लेझ्बॉसच्या सात स्त्रिया, शिवाय ब्रिसीइस. ट्रॉय पडल्यावर आणखी लूट, ॲगमेम्नॉनची एक मुलगी पत्नी म्हणून आणि सात नगरे. यादीच्या शेवटी ॲगमेम्नॉन म्हणतो की, मी अधिक थोर राजा आणि वयानेही वडील, तेव्हा त्याने माझ्यापुढे नमावे. दूतांपैकी ओडिस्यूस अकिलीझपुढे ही यादी जवळजवळ शब्दशः म्हणतो आणि नेमके हे शेवटचे वाक्य गाळतो. अकिलीझचे उत्तर ‘मनात एक ठेवून ओठांवर दुसरे आणणारा मला हेडीझच्या (मृतलोकाच्या) दारांइतका तिटकाऱ्याचा’ अशा अर्थाच्या ओळींनी सुरू होते, हा योगायोग नसावा. मागे राहणारा आणि जिवावर उदार होऊन लढणारा यांना शेवटी सारखाच वाटा मिळतो, अशी त्याची तक्रार आहे. (दूत तीन असताना काही ओळींत दोघांनाच लागू पडणारी द्विवचनी क्रियापदे येतात. तिसरा दूत फीनिक्स याचे पात्र मागाहून घातले गेले, असा तर्क त्यावरून पूर्वापार केला जातो. सर्वमान्य उलगडा नाही.)

मान आणि कर्तव्य यांची सांगड सर्वांत स्पष्ट दिसते ती बाराव्या सर्गात, ट्रॉयच्या बाजूने लढणारा लिशियाचा राजा सार्पिडॉन याच्या भाषणात. लिशियात आपल्याला मानाचे आसन, मांसाचा उत्तम भाग, भरलेले पेले आणि नदीकाठची जमीन कशासाठी, असे तो आपला सोबती ग्लॉकस याला विचारतो आणि त्याचे मोल आघाडीवर लढून चुकवायला सांगतो. मरण टळणारच असते तर मी लढलो नसतो, असेही तो मोकळेपणाने म्हणतो. मराठी वाचकाला येथे गीतेतील ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं’ आठवणे साहजिक आहे. सार्पिडॉनच्या तोंडी मात्र स्वर्गाचे नाव नाही. तो मारला जातो तेव्हा खुद्द पिता झ्यूस, देवांचा राजा, त्याला वाचवत नाही. थडगे आणि त्यावरचा दगड हेच मृताचे गेरास, असे तेथे सांगितले आहे.

देवांचा मान : देवही याच व्यवहारात बांधलेले आहेत. पंधराव्या सर्गात झ्यूसचा भाऊ, समुद्रदेव पोसायडन आठवण करून देतो की, तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून आकाश, समुद्र आणि पाताळ वाटून घेतले, पृथ्वी व ऑलिंपस सामाईक राहिले, तेव्हा झ्यूसने आपल्या हद्दीत राहावे. अशीच देवांची वाटणी प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कडी भाषेतल्या अत्राहासिस काव्यात आहे. वॉल्टर बर्कर्ट यांनी दाखवलेले हे साम्य लक्षणीय आहे. थेट उसनवारीचा मार्ग तेवढा स्पष्ट नाही. चौथ्या सर्गात ट्रॉयच्या नाशासाठी झ्यूसची पत्नी हेरा आर्गॉस, स्पार्टा व मायसीनी ही आपली लाडकी नगरे खुशाल मोबदल्यात देऊ करते. माणसांच्या मरणाला देवांच्या सौद्यात किती किंमत आहे, ते येथे कळते.

अक्षय कीर्तीचा वाद : घरी परतलो तर दीर्घायुष्य, येथे राहिलो तर ‘क्लेओस आफ्थितोन’ (अक्षय कीर्ती), असे अकिलीझ म्हणतो (इलियड, ९·४१३). आडाल्बेर्ट कून यांनी १८५३ मध्ये हे शब्द ऋग्वेदातील ‘श्रवः… अक्षितम्’ (१·९·७) यांच्याशी जुळवून दाखवले. क्लेओस व श्रवस्, तसेच आफ्थितोन व अक्षितम् ही ध्वनिनियमांप्रमाणे सजातीय (एकाच मूळ शब्दापासून आलेली) रूपे आहेत आणि त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या जोडीवरून ग्रीक व संस्कृत यांच्या समान पूर्वज भाषेतली, म्हणजे सामाईक इंडो-यूरोपीय, काव्यभाषा सिद्ध होते का, हा. नॅज व कॅल्व्हर्ट वॉटकिन्स होकार देतात. एडविन फ्लॉइड यांनी १९८० मध्ये आक्षेप घेतला की, वैदिक ऋषी इंद्राकडे गाईंनी व बळाने युक्त, याच जन्मी भोगायची समृद्धी मागतो. मरणोत्तर कीर्तीचा तेथे संबंध नाही. मार्गालिट फिंकेलबर्ग यांचा आक्षेप (१९८६) व्याकरणाचा आहे : इलियडच्या ओळीत आफ्थितोन हे विधेय आहे, ‘कीर्ती अक्षय होईल’ असे, म्हणून हा ठरीव शब्दबंध नव्हे, होमरमध्ये तो एकदाच येतो. उलट सॅफो व इबिकस या ग्रीक भावकवींच्या काव्यांत आणि डेल्फायजवळच्या क्रिसा येथील एका प्राचीन कोरीव लेखात हीच जोडी सापडते. शिवाय ऋग्वेदात विशेषणाऐवजी ‘अक्षिति श्रवः’ (१·४०·४) असेही रूप आहे. शब्दबंध जुना, पण त्याचा वीरमरणाशी जोडलेला अर्थ ग्रीकांनी घडवलेला, ही मधली भूमिका पुराव्याशी जास्त जुळते.

नैतिक मूल्यमापन : ई. आर. डॉड्स यांनी १९५१ मध्ये होमरी समाजाला ‘लज्जासंस्कृती’, म्हणजे लोकांच्या नजरेतल्या मानावर चालणारी संस्कृती, म्हटले. ए. डब्ल्यू. एच. ॲडकिन्स यांनी १९६० मध्ये पुढे जाऊन असे मांडले की, तेथे यशाला मोल आहे, सहकार्याच्या गुणांना फारसे नाही. ए. ए. लाँग यांनी त्याला हरकत घेतली. बर्नार्ड विल्यम्स व डग्लस केर्न्स (दोघेही १९९३) यांनी ऐदोस, म्हणजे लाज व भीड, ही निव्वळ लोकांच्या नजरेची भीती नाही हे दाखवले. बायको अडवत असता ट्रॉयचा वीर हेक्टर ट्रोजन स्त्री-पुरुषांपुढे लाज वाटेल असे कारण सांगतो खरे, पण लगेच ‘माझे मनही मला मागे राहू देत नाही’ अशी पुस्ती जोडतो. ॲडकिन्स यांच्या मांडणीत या पुस्तीला जागा उरत नाही.

ओडिसीत सूर बदलतो. अकराव्या सर्गात मृतलोकातील अकिलीझ म्हणतो की, सगळ्या मृतांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरिबाकडे मजुरी केलेली बरी. हे इलियडचे खंडन आहे की परिशिष्ट, यावर मतभेद आहेत. ओडिस्यूसची पत्नी पिनेलपी हिची कीर्ती वगळता स्त्रियांच्या मानाबद्दल काव्ये थोडेच सांगतात. ट्रॉयचक्रातील, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाची कथा सांगणाऱ्या काव्यमालेतील, इतर महाकाव्ये अवतरणांतून व प्रॉक्लस या नंतरच्या लेखकाच्या सारांशातून तेवढी उरली आहेत. अकिलीझच्या शस्त्रांवरून ओडिस्यूस व दुसरा ग्रीक वीर एजॅक्स यांच्यात झालेला झगडा त्यांतच विस्ताराने होता.

वीरपूजा : होमरमध्ये ‘हीरॉस’ हा शब्द जिवंत योद्ध्यालाही लागतो. पुढे तो पूजा घेणाऱ्या मृताला लागू लागला. इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस मायसीनीकालीन थडग्यांवर नैवेद्य वाढलेले दिसतात. जे. एन. कोल्डस्ट्रीम यांनी १९७६ मध्ये त्याचा संबंध महाकाव्यांच्या प्रसाराशी जोडला. जमिनीवरचे हक्क सांगण्याची गरज हे कारण इतरांनी पुढे केले. स्पार्टाजवळील मेनेलेअसच्या पूजास्थानी त्याची पत्नी हेलन हिच्या नावे कोरलेल्या अर्पणवस्तू सापडल्या आहेत.