‘पोलो’चा मार्को पोलोशी संबंध नाही

सांगलीत हरभट रस्त्यावरच्या कापड दुकानात ‘पोलो’ मागितला, की विणलेली कॉलर आणि गळपट्टीवर दोन-तीन बटणे असलेला टी-शर्ट समोर येतो. हा शब्द व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याच्यावरून आला आणि त्यानेच पोलो हा खेळ चीनहून युरोपात नेला, असे मात्र अनेकजण आजही ठामपणे सांगतात. तसे काहीही घडलेले नाही.

घोड्यावरून चेंडू टोलवण्याचा हा खेळ इराण व मध्य आशियात ‘चौगान’ या नावाने शतकानुशतके खेळला जात होता. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून कोसळून मरण पावला, ते साल १२१०, म्हणजे मार्को पोलोच्या जन्माच्या ४४ वर्षे आधीचे.

‘पोलो’ हा शब्द काराकोरम पर्वतरांगांतल्या बाल्टिस्तानातील बाल्टी भाषेतला असून त्याचा अर्थ चेंडू. तिबेटी ‘पुलू’ हा त्याचा सख्खा नातलग. इंग्रजांनी खेळ उचलला तो मात्र ‘सगोल कांगजेई’ हा घोड्यावरून खेळला जाणारा मणिपुरी खेळ पाहून, आणि १८५९ मध्ये सिलचरला, तर १८६२ मध्ये कलकत्त्याला त्यांचे क्लब उभे राहिले. खेळ मणिपूरचा, नाव बाल्टींचे. दंतकथेपेक्षा ही हकीकतच अधिक रंजक आहे. मार्कोचे ‘पोलो’ हे व्हेनिसमधले आडनाव, साम्य केवळ उच्चाराचे.

राहिला शर्ट. १९२० च्या दशकात टेनिसपटू रेने लाकोस्त यांनी घाम सुकवणाऱ्या जाळीदार विणीचा, आखूड बाह्यांचा असा शर्ट टेनिससाठी रूढ केला. पुढे तो पोलोपटूंनीही स्वीकारला आणि नाव मात्र त्यांच्या खेळाचे पडले.