क्लबच्या पदाधिकाऱ्यांवरील खटले आणि फुटबॉल समर्थक : ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात

फुटबॉल क्लबचा अध्यक्ष, मालक, सचिव किंवा संचालक यांच्यावर गुन्हा दाखल होतो, त्यांना अटक होते, त्यांची मालमत्ता गोठवली जाते किंवा न्यायालय त्यांना पदावरून दूर करते, तेव्हा त्या क्लबच्या समर्थकांमध्ये उमटणाऱ्या सामूहिक प्रतिक्रियेचा विचार या नोंदीत केला आहे. ही प्रतिक्रिया आरोपाच्या गांभीर्यावर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती समर्थकाला क्लबच्या कारभारात मत आहे की नाही यावर अवलंबून असते. ज्याला मत आहे तो सभेत हिशोब मागू शकतो. ज्याला ते नाही त्याच्याजवळ घोषणा, फलक आणि मैदानाकडे पाठ फिरवणे एवढीच साधने उरतात. युरोपातील मोठ्या क्लबांना लागू पडणारे हे सूत्र विदर्भातील तालुक्याच्या गावी चालणाऱ्या क्रीडा मंडळालाही तितकेच लागू पडते.

ग्रामीण विदर्भात कबड्डी आणि क्रिकेट यांच्या तुलनेने फुटबॉलचा प्रसार कमी आहे. तरीही कामठीसारखे छावणीचे गाव, कोळसा खाणींच्या वसाहती, आश्रमशाळा आणि सुब्रतो मुखर्जी चषकाच्या शालेय फेऱ्या यांतून या खेळाने आपला प्रेक्षक मिळवला आहे. गावातला संघ बहुधा एखाद्या क्रीडा मंडळाच्या नावाने खेळतो. असे मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि त्याबरोबरच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवलेले असते. नोंदणीच्या कागदावर सभासद मोजकेच असतात. प्रत्यक्षात मात्र धानाच्या किंवा कापसाच्या हंगामानंतर घरोघरी फिरून जमवलेली वर्गणी, दुकानदारांनी दिलेली बक्षिसे आणि बाहेरगावच्या संघांना घरी जेवू घालणारी कुटुंबे यांच्या बळावर स्पर्धा पार पडते. म्हणजे ज्यांच्या पैशाने व श्रमाने मंडळ उभे राहते, त्यांतील बहुसंख्य लोक सभासद नोंदवहीत नसतात.

मंडळाचा अध्यक्ष हा सहसा निव्वळ क्रीडा संघटक नसतो. सरपंचपद, बाजार समितीचे संचालकपद, शिक्षणसंस्था, पतसंस्था किंवा बांधकामाचे ठेके यांपैकी एकदोन गोष्टी त्याच्याकडे असतात आणि जर्सी, प्रवासखर्च, मैदानावरचे दिवे यांचा भार तो त्याच मिळकतीतून उचलतो. त्यामुळे कायदेशीर अडचण पुष्कळदा खेळाबाहेरून येते. पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे अडकले, तर फसवणूक आणि विश्वासघात यांच्या कलमांबरोबर ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा १९९९ चा महाराष्ट्र अधिनियम लावला जाऊ शकतो. त्याखाली मालमत्ता जप्त झाली की मंडळाचा खर्चही थांबतो. अशा वेळी समर्थकाची स्थिती फार अवघड होते, कारण त्याच पतसंस्थेत त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम असू शकते. एकच माणूस ठेवीदार म्हणून फिर्यादीच्या बाजूला आणि प्रेक्षक म्हणून आरोपीच्या बाजूला उभा राहतो. गावातल्या प्रतिक्रियेत दिसणारा गोंधळ हा अज्ञानातून नव्हे, तर या दुहेरी नात्यातून येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अटकेची बातमी आली की पानठेल्यावर पहिले वाक्य ऐकू येते ते ‘भाऊले फसवलं’ हे. विरोधी गटाने राजकारणातून गोवले, पोलिसांवर दबाव होता, खरा दोषी दुसराच आहे, अशी मांडणी काही तासांत तयार होते. जामीन मिळाल्यावर गावाच्या वेशीवर गुलाल, डीजे आणि ‘भाऊ तुम आगे बढो’च्या घोषणा हा निवडणुकीतून आलेला रिवाज मंडळाच्या कार्यकर्त्यांकडूनही पाळला जातो. दुसरा प्रवाह संथ असतो. पुढच्या वर्षी वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन मुले दारात आली, की मागच्या वर्षीचा हिशोब विचारला जातो. तिसरा गट, म्हणजे स्वतः खेळाडू, बहुधा गप्प राहतो. शेजारच्या तालुक्यातील संघाकडून बोलावणे आले तर तिकडे खेळायला जातो.

उघड पाठराखणीची सर्वांत ठळक उदाहरणे परदेशांत आढळतात. तुर्कस्तानातील फेनरबाहचे क्लबचे अध्यक्ष अझीझ यिल्दिरिम यांना जुलै २०११ मध्ये सामना-निश्चितीच्या (मॅच फिक्सिंगच्या) आरोपाखाली अटक झाली, तेव्हा हजारो समर्थक रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात एका मैत्रीपूर्ण सामन्यात त्यांनी मैदानात घुसखोरी केली. शिक्षा म्हणून प्रेक्षकांविना खेळवायचा सामना पुढे केवळ स्त्रिया व लहान मुलांसाठी खुला करण्यात आला आणि सप्टेंबर २०११ मध्ये चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया व मुले स्टेडियममध्ये आली. यिल्दिरिम यांना २०१२ मध्ये शिक्षा सुनावण्यात आली. फेरसुनावणीनंतर २०१५ मध्ये ते निर्दोष ठरले. फ्रान्समधील मार्सेय क्लबचे अध्यक्ष बेर्नार तापी यांचे प्रकरण याहून वेगळे आहे. प्रतिस्पर्धी खेळाडूंना लाच देण्याच्या १९९३ च्या प्रकरणात त्यांना तुरुंगवास झाला, क्लबचे विजेतेपद काढून घेतले गेले आणि त्याला खालच्या श्रेणीत जावे लागले. असे असूनही ऑक्टोबर २०२१ मध्ये तापी यांचे निधन झाले, तेव्हा वेलोद्रोम स्टेडियममध्ये ठेवलेल्या त्यांच्या शवपेटीचे दर्शन घेण्यासाठी हजारो लोक आले. तापी यांच्या काळात १९९३ मध्ये क्लबने जिंकलेल्या युरोपीय चषकाचे ऋण त्यांच्या मनात दोषसिद्धीपेक्षा मोठे ठरले.

जर्मनीतील बायर्न म्युनिकचे अध्यक्ष उली ह्योनेस यांना २०१४ मध्ये २.८५ कोटी युरोंच्या करचुकवेगिरीबद्दल साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी अपील न करता राजीनामा दिला, शिक्षेचा भाग भोगला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये सभासदांनी त्यांना पुन्हा अध्यक्षपदी निवडून दिले. या निवडीबद्दल मतभेद असू शकतात. परंतु निर्णय सभासदांनी मतदानाने घेतला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्पेनच्या बार्सिलोना क्लबात याच अधिकाराचा उपयोग उलट दिशेने झाला. अध्यक्ष जोसेप मारिया बार्तोमेउ यांच्याविरुद्ध वीस हजारांहून अधिक सभासदांनी अविश्वासाच्या अर्जावर सह्या केल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये मतदानापूर्वीच बार्तोमेउ यांनी राजीनामा दिला. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले ते त्यानंतर, मार्च २०२१ मध्ये. त्याच क्लबचे आधीचे अध्यक्ष सांद्रो रोसेल जवळजवळ दोन वर्षे कच्च्या कैदेत राहून एप्रिल २०१९ मध्ये निर्दोष सुटले. गावातल्या चर्चेत अटक झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर ध्यानात घ्यावे.

इंग्लंडमधील चेल्सी क्लबच्या प्रेक्षकांना असा कोणताही अधिकार नव्हता. १० मार्च २०२२ रोजी ब्रिटिश सरकारने, रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर, क्लबचे रशियन मालक रोमान अब्रामोविच यांच्यावर निर्बंध लादले, तिकीटविक्री थांबली आणि त्याच रात्री नॉर्विच येथील सामन्यात चेल्सीच्या समर्थकांनी त्यांच्या नावाचा जयघोष केला. त्याआधी काही दिवस युक्रेनसाठी टाळ्या वाजवल्या जात असतानाही हा जयघोष झाला होता आणि क्लबच्या प्रशिक्षकाने त्याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली होती. मे महिन्यात क्लब विकला गेला. खरेदीदार निवडण्यात प्रेक्षकांना मत नव्हते. भारतात ठेवीदारांचे पैसे बुडवणाऱ्या शारदा चिटफंड घोटाळ्याच्या तपासात २०१४ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालचे देबब्रत सरकार आणि मोहन बागानचे सृंजय बोस या पदाधिकाऱ्यांना केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. एरवी एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेले दोन्ही क्लब एकाच घोटाळ्याच्या तपासात सापडले. पतसंस्था बुडालेल्या गावातील वाचकाला हे प्रकरण सर्वांत जवळचे वाटावे.

नेतृत्वाच्या वादाची झळ शेवटी खेळाडूंना कशी बसते, हे ऑगस्ट २०२२ मध्ये देशाने पाहिले. गोंदिया-भंडाऱ्याच्या राजकारणातून पुढे आलेले प्रफुल्ल पटेल हे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. कार्यकाळ संपूनही निवडणूक न झाल्यामुळे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यकारिणी दूर करून प्रशासकांची समिती नेमली. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने तो बाह्य हस्तक्षेप ठरवून भारताला निलंबित केले आणि २६ ऑगस्टला निलंबन उठवले. मधल्या काळात आशियाई महिला क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुळम केरळ या क्लबच्या खेळाडूंना एकही सामना न खेळता परतावे लागले. ज्या वादाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, त्याची किंमत त्यांनी मोजली, हे अन्यायाचे होते.

गावातील मंडळाच्या बाबतीत कायद्याने मार्ग ठेवला आहे, पण तो फारसा वापरला जात नाही. १९५० च्या अधिनियमाप्रमाणे विश्वस्तांनी दरवर्षी लेखापरीक्षण करून घेणे आणि पदाधिकारी बदलल्यास कलम २२ खाली बदल अर्ज देणे बंधनकारक आहे. कलम ४१ड नुसार हिशोब सादर करण्यात सतत कसूर, विश्वासघात किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषसिद्धी अशा कारणांवरून धर्मादाय आयुक्त, संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन, विश्वस्ताला निलंबित करू शकतात किंवा काढून टाकू शकतात. ही कारवाई ते स्वतःहून किंवा हितसंबंधी व्यक्तीच्या अर्जावरून करतात. नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत हितसंबंधी व्यक्ती म्हणजे मुख्यतः तिचा सभासद. वर्षानुवर्षे वर्गणी देणारा, पण नोंदवहीत नाव नसलेला गावकरी या व्याख्येत सहजी बसत नाही आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन त्याने दिलेला अर्ज याच मुद्द्यावर अडकण्याचा संभव असतो. म्हणून वर्गणीच्या पावतीबरोबर सभासदत्वाचा अर्ज भरून घेणे, वार्षिक सभेची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे आणि मंडळाचे बँक खाते अध्यक्षाच्या व्यवसायापासून पूर्ण वेगळे ठेवणे या गोष्टी खटला उभा राहण्याच्या आधीच व्हाव्या लागतात.

इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या समर्थकांनी हा क्रम उलटा पार केला. मालक व्लादिमिर अंतोनोव यांना नोव्हेंबर २०११ मध्ये अटक झाल्यावर क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, घसरत चौथ्या श्रेणीपर्यंत आला आणि एप्रिल २०१३ मध्ये समर्थकांच्या न्यासाने लोकांकडून भागभांडवल जमवून तो ताब्यात घेतला. २०१७ मध्ये क्लब नव्या मालकाला विकावा की नाही, हे याच भागधारकांनी मतदान करून ठरवले.